अनधिकृत बांधकामातलं घर घेण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"बाजारभावापेक्षा दहा-पंधरा लाख कमी आहे, फक्त कागद थोडे कमी आहेत." ठाणे, कल्याण, वसई-विरार, पुण्याच्या भोवतालची गावं, कुठेही घर शोधा, हे वाक्य एकदा तरी कानावर येतं. त्या वाक्यापाशी अडलेल्या माणसांसाठी हे प्रश्न एकत्र केले आहेत. कायदे महाराष्ट्राचे आहेत, गोव्यासाठी वेगळा प्रश्न पुढे दिला आहे. आयुष्यभराची बचत आणि वीस वर्षांचे हप्ते ज्यात जाणार, त्या घराच्या परवानगीचा कागद आपण डोळ्यांनी पाहिलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे आणि ते इथे लपवलेलं नाही.

अनधिकृत बांधकाम नेमकं कशाला म्हणायचं?

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966, म्हणजे बोलीत एमआरटीपी. या कायद्यानुसार नियोजन प्राधिकरणाची परवानगी न घेता केलेलं, किंवा घेतलेल्या परवानगीपेक्षा वेगळं केलेलं बांधकाम अनधिकृत. प्राधिकरण म्हणजे तुमच्या भागाप्रमाणे महापालिका, नगरपरिषद, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), सिडको, एमआयडीसी यांपैकी कोणीतरी.

व्यवहारात मात्र सगळी अनधिकृत घरं एका मापाची नसतात. काही इमारतींना परवानगीच नसते. काहींना चार मजल्यांची असते आणि उभे असतात सात. काही ठिकाणी इमारत नकाशाप्रमाणे बांधलेली असते, पण भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी (इमारत राहायला योग्य असल्याचा प्राधिकरणाचा दाखला), बिल्डरने घेतलेलं नसतं. आणि काही ठिकाणी इमारत पूर्ण कायदेशीर असते, एखाद्या फ्लॅटवाल्याने गच्ची बंदिस्त करून खोली काढलेली असते. धोका प्रत्येकात वेगळा आहे. "इथे सगळ्यांचंच असं आहे" म्हणणारा एजंट हे सगळं एकाच टोपलीत टाकतो, म्हणून आपला फ्लॅट यातल्या कुठल्या प्रकारात बसतो ते आधी ठरवा.

घरपट्टीची पावती आहे, लाइट बिल आहे, नळ कनेक्शन आहे. मग अनधिकृत कसं?

सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत जास्त माणसांना बुडवणारा प्रश्न हाच. घरपट्टी वापरावर लागते. तुम्ही तिथे राहता, कचरा उचलला जातो, रस्ता वापरता, म्हणून पालिका कर घेते. अनधिकृत इमारतीकडूनही घेते, आणि जास्त घेते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम 267अ आहे. त्याखाली अनधिकृत इमारतीवर मिळकतकराच्या दुप्पट शास्ती लावता येते. दंड भरला म्हणून बांधकाम नियमित झालं असा अर्थ काढायचा नाही, हेही त्याच कलमात आहे.

पिंपरी-चिंचवडकरांना हा शास्तीकर चांगलाच माहीत आहे. कित्येक वर्षं त्यावरून आंदोलनं झाली, निवडणुका लढवल्या गेल्या, आणि 2023 मध्ये सरकारने थकीत शास्ती माफ केली. लोकांना मोठा दिलासा मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण माफ झाला तो कर. घराचा नकाशा मंजूर झाला नाही. माफीनंतर "आता आमचं घर लीगल झालं" असं सांगून विक्री करणारे भेटतील. त्यांना मंजूर नकाशा मागा.

त्यामुळे घरपट्टीची पावती हातात आली की तिच्यावर शास्तीची ओळ आहे का ते बघा. विकणाऱ्याने पुरावा म्हणून दाखवलेली पावतीच कधी कधी खरी गोष्ट सांगून जाते.

विजेचंही तेच. मीटर मिळणं हा बांधकाम परवानगीचा पुरावा नाही. सुप्रीम कोर्टाने 17 डिसेंबर 2024 च्या निकालात तर स्पष्टच सांगितलं, की पूर्णत्व किंवा भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय वीज, पाणी, सांडपाण्याची जोडणी देऊ नये आणि बँकांनीही ते तपासल्याशिवाय इमारतीच्या तारणावर कर्ज देऊ नये. त्याआधी वर्षानुवर्षं जोडण्या सर्रास दिल्या गेल्या, त्यामुळे जुन्या मीटरवरून काहीही सिद्ध होत नाही.

रजिस्ट्रेशन होतंय आणि फायनान्स कंपनी कर्ज द्यायला तयार आहे. सरकार आणि बँक दोघांनी बघितलंच असेल ना?

दुय्यम निबंधक तुमच्या दस्ताची नोंद करतात, मुद्रांक शुल्क घेतात, अंगठे आणि फोटो घेतात. इमारत नकाशाप्रमाणे आहे का हे पाहायला ते जागेवर जात नाहीत. खरेदीखत हे दोन माणसांतल्या व्यवहाराची नोंद आहे. विकणाऱ्याकडे जेवढा हक्क होता तेवढाच तुमच्याकडे येतो, आणि त्याच्याकडे नसलेली परवानगी त्यातून तुम्हाला मिळत नाही.

कर्जाचं पाहायचं तर कोण देतंय ते बघा. राष्ट्रीयीकृत बँकेच्या पॅनलवरचा वकील आणि व्हॅल्युअर मंजूर नकाशा मागतात. दोन-तीन मोठ्या बँकांनी एखादी इमारत नाकारली आणि एकच पतसंस्था किंवा फायनान्स कंपनी चढ्या व्याजाने तयार असली, तर ते जादा व्याज जोखमीचं आहे. बिल्डरचा माणूस "अमुक बँकेचं करू नका, फार त्रास देते, आमची ठरलेली कंपनी आहे" म्हणाला, तर मुद्दाम त्या त्रास देणाऱ्या बँकेत जा आणि नकाराचं कारण विचारून घ्या. ही तपासणी तुम्हाला जवळजवळ फुकट पडते.

वकिलाने तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट दिला आहे. तो पुरेसा नाही का?

सर्च रिपोर्ट मालकीचं सांगतो: जमीन कोणाची, कशी हातात आली, गहाण आहे का, दावा आहे का. जमिनीवर उभं असलेलं बांधकाम मंजूर आहे का हा दुसरा प्रश्न आहे, आणि पुष्कळ रिपोर्टमध्ये त्याबद्दल एक ओळही नसते. वकिलाला लेखी विचारा: "बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा आणि भोगवटा तुम्ही पाहिलेत का?" उत्तर नाही असेल तर एखाद्या आर्किटेक्टला तासभराची फी देऊन नकाशा आणि जागा ताडून घ्या. माझ्या मते घरखरेदीतला सगळ्यात वसूल खर्च हाच.

मंजूर नकाशा हातात आला, तर त्यात बघायचं काय?

आधी शिक्का. त्यावर मंजुरी क्रमांक, तारीख आणि अधिकाऱ्याची सही असते. हा क्रमांक बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्रावरच्या, म्हणजे सीसीवरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर किंवा सीटीएस नंबर सातबाऱ्यावर अथवा प्रॉपर्टी कार्डावर आहे तोच हवा. शेजारच्या प्लॉटचा मंजूर नकाशा दाखवून दुसऱ्याच जमिनीवर बांधलेल्या इमारतीतले फ्लॅट विकले जातात, म्हणून हिस्सा नंबरातला एक आकडासुद्धा सोडू नका.

मग नकाशा घेऊन रस्त्यावर उभे राहा आणि मजले मोजा. उभ्या छेदाच्या आकृतीत पार्किंग अधिक चार मजले असतील आणि समोर पार्किंग अधिक सहा दिसत असतील, तर तुमचा फ्लॅट पाचव्यावर आहे की तिसऱ्यावर, यावर सगळं अवलंबून आहे. तळमजल्यावर जा. नकाशात स्टिल्ट पार्किंग लिहिलेल्या जागी भिंती घालून दोन वन आरके काढले आहेत का? एखादं दुकान आहे का? पार्किंगची जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2010 मध्येच सांगितलं आहे. तिथे काढलेली खोली विकत घेणारा तर आणखी अडचणीत असतो. पुढे इमारतीच्या चारी बाजूंनी चालून या. नकाशात बाजूचं अंतर तीन मीटर दाखवलेलं असेल आणि प्रत्यक्षात दोन्ही हात पसरल्यावर दोन्ही भिंतींना लागत असतील, तर ती इमारत नियमित होणं कठीण, आणि आगीचा बंब आत शिरणं त्याहून कठीण.

कोपऱ्यात क्षेत्रफळाचा तक्ता असतो: प्लॉटचं क्षेत्र, अनुज्ञेय एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक), वापरलेला एफएसआय. तुमच्या फ्लॅटचं क्षेत्र त्या तक्त्यात सापडलं पाहिजे. करारात 650 चौरस फूट आणि नकाशात त्याच फ्लॅटला 480 असेल, तर मधली जागा कुठून आली ते विचारा. बहुतेक वेळा ती बाल्कनी, डक्ट किंवा कॉमन पॅसेजमधून आलेली असते.

सीसी वाचताना ती कुठपर्यंत आहे ते पाहा. मुंबईत ती आधी जोत्यापर्यंत आणि मग टप्प्याटप्प्याने पुढच्या मजल्यांसाठी मिळते. "सीसी आली आहे" हे वाक्य खरं असूनही तुमच्या मजल्यासाठी आलेली नाही, असं असू शकतं. शिवाय सीसीची मुदत एक वर्ष असते, ती वाढवून घ्यावी लागते, एकूण चार वर्षांपर्यंत. नूतनीकरणाचे शेरे त्यावर आहेत का बघा.

हे सगळे कागद बनावट असले तर?

हा प्रश्न आता कोणी हसण्यावारी नेऊ नये. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार केल्या गेल्या, त्यांच्या आधारे महारेराची, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाची, नोंदणी मिळवली गेली आणि 65 इमारतींतली घरं विकली गेली. लोकांनी महारेराच्या संकेतस्थळावर नंबर टाकून पाहिला होता, तो तिथे दिसत होता. मुंबई हायकोर्टाने नोव्हेंबर 2024 मध्ये या इमारती पाडण्याचा आदेश दिला आणि हजारो कुटुंबांच्या पायाखालची जमीन सरकली. या माणसांनी निष्काळजीपणा केला असं म्हणवत नाही. सामान्य ग्राहकाला जे तपासायला सांगितलं जातं ते त्यांनी तपासलं होतं.

यातून एक सवय लावून घ्यावी: कागद ज्याने दिला असं म्हटलं आहे, त्याच कार्यालयात जाऊन तो ताडून घ्यायचा. सीसीचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा. बऱ्याच महापालिकांची परवानगीची कामं आता ऑनलाइन चालतात, काहींच्या संकेतस्थळांवर दिलेल्या परवानग्यांची आणि अनधिकृत इमारतींचीही यादी असते. तोंडी उत्तरावर विसंबू नका. माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचा अर्ज करा: अमुक क्रमांकाची परवानगी आपल्या कार्यालयाने दिली आहे का, असल्यास मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत मिळावी, या मिळकतीला एमआरटीपीच्या कलम 53 खाली अनधिकृत बांधकामाची नोटीस दिली आहे का. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "तोपर्यंत फ्लॅट जाईल" असं एजंट म्हणेल. गेला तर जाऊ द्या.

इमारत छोटी आहे, रेराची गरजच नाही म्हणतात. खरं आहे का?

अर्धं खरं. जमीन 500 चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण पाच गुंठ्यांपर्यंत असेल किंवा घरं आठपेक्षा जास्त नसतील, तर रेरा नोंदणी लागत नाही. पण रेरातून सूट म्हणजे बांधकाम परवानगीतून सूट नव्हे. दोन गुंठ्यांवर उभ्या केलेल्या चार मजली इमारती नेमक्या याच फटीत बसतात. तिथे महारेराच्या संकेतस्थळावर काहीच दिसणार नाही, म्हणून नगररचना विभागातली चौकशी आणखी महत्त्वाची.

ग्रामपंचायतीने ना-हरकत दिली आहे, नमुना 8 वर नोंद आहे. चालेल का?

नमुना 8 हा ग्रामपंचायतीच्या कर आकारणीचा उतारा. घरपट्टीबद्दल वर जे सांगितलं ते सगळं त्यालाही लागू. जुन्या गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीच्या कागदांना वजन आहे. गावठाणाबाहेर शेतजमिनीवर उभ्या केलेल्या पाच मजल्यांना ग्रामपंचायतीची ना-हरकत पुरत नाही. तिथे प्राधिकरणाची किंवा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

पुण्याभोवती याचा फार मोठा गुंता आहे. 2015 पासून पुणे परिसरासाठी पीएमआरडीए आहे. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं पुणे महापालिकेत आली. त्यामुळे एकाच रस्त्यावर एक इमारत ग्रामपंचायतीच्या काळातली, दुसरी पीएमआरडीएच्या मंजुरीची, तिसरी महापालिकेच्या, असं चित्र दिसतं. आणि "गाव महापालिकेत गेलं, आता सगळं रेग्युलर होणार" हे आश्वासन प्रत्येक समाविष्ट गावात दिलं गेलं. हद्द बदलल्याने कर बदलतो, कार्यालय बदलतं. इमारत मंजूर होत नाही. जी तारीख परवानगीवर आहे, त्या तारखेला त्या गावात परवानगी द्यायचा अधिकार कोणाचा होता, हे विचारा.

सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं आहेत आणि प्रत्येकाचा एक-एक गुंठा. अशा प्लॉटवरचं घर घ्यावं का?

ही गुंठेवारी. एक-दोन एकर शेत फक्की मारून पाडलेले तुकडे, मधून आठ-दहा फुटांचा रस्ता, मंजूर लेआउट नाही, आणि सगळ्यांचं नाव सामाईकात. आपला गुंठा नेमका कुठला हे मोजणी नकाशावर दाखवता येत नाही, कारण तसा पोटहिस्सा पडलेलाच नसतो. शेजाऱ्याने कुंपण दोन फूट पुढे घेतलं तर भांडायला कागद नाही.

गुंठेवारी नियमित करण्यासाठी 2001 चा कायदा आहे आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला त्याचा लाभ मिळू शकतो. पण शुल्क भरावं लागतं, कागद द्यावे लागतात, आणि आरक्षणातल्या किंवा सरकारी जमिनीवरच्या प्लॉटला तो लागू होईलच असं समजू नका. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र ज्याच्या हातात आहे त्याच्याशी बोला. "अर्ज केलाय, होऊन जाईल" म्हणणाऱ्याला सांगा, झालं की या. सातबाऱ्याचा "इतर हक्क" हा रकानाही वाचा. भोगवटादार वर्ग 2, इनाम, वतन, कूळ असे शब्द दिसले, तर वकिलाशिवाय एक पाऊल पुढे टाकू नका.

जागेच्या मालकीत काही अडचण नाही. मग पूररेषा, रेड झोन, आरक्षण हे बघायची काय गरज?

कारण हे दोष पैसे भरून सुटत नाहीत. चिखलीचं उदाहरण ताजं आहे. पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत इंद्रायणीच्या काठी निळ्या पूररेषेच्या, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या नदीकाठच्या पट्ट्याच्या, आत बांधलेले 36 बंगले महापालिकेने 17 मे 2025 रोजी जमीनदोस्त केले. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश होता आणि सुप्रीम कोर्टातही तो टिकला. तिथे प्लॉट पाडून विकले गेले होते, लोकांनी पैसे देऊन घेतले होते, बंगले बांधून राहत होते. एका दिवसात सगळं गेलं.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला नालासोपाऱ्यात अग्रवाल नगरी परिसरातल्या 41 इमारती पाडल्या गेल्या. ती जमीन सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी आरक्षित होती. देहूरोडच्या दारूगोळा डेपोभोवतीचा रेड झोन (सुरक्षेसाठीचा बांधकामबंदीचा पट्टा), किनाऱ्यालगतचं सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र), वनजमीन, गायरान यांचंही तसंच. झोन दाखला आणि विकास आराखड्याचा उतारा नगररचना कार्यालयातून स्वतःच्या अर्जावर काढा, पूररेषेचा नकाशा पाटबंधारे विभागाकडे किंवा महापालिकेत पाहा. विकणाऱ्याने आणून दिलेला झोन दाखला चालवून घेऊ नका.

घेऊन ठेवू, पुढे दंड भरून रेग्युलराइज करून घेऊ. असं करता येतं ना?

काही वेळा येतं. एमआरटीपीच्या कलम 53 मध्येच तशी वाट आहे: नोटीस मिळाल्यावर बांधकाम कायम ठेवण्यासाठी परवानगीचा अर्ज करता येतो. पण जे नियमात बसतं, तेच नियमित होतं. शिल्लक एफएसआय असेल, अंतरं सोडलेली असतील, रस्ता पुरेसा रुंद असेल, पार्किंग भागत असेल, तर प्रशमन शुल्क भरून काम होऊ शकतं. दोन गुंठ्यांवर कडेला कड लावून बांधलेल्या इमारतीला यातलं काहीच भागवता येत नाही. तिथे दंड किती हा प्रश्नच उद्भवत नाही.

सरकारने 2017 मध्ये कलम 52अ घालून 31 डिसेंबर 2015 पर्यंतच्या काही अनधिकृत बांधकामांना "प्रशमित संरचना" म्हणून सामावून घेण्याची सोय केली. पूररेषा, संरक्षण खात्याचा पट्टा अशा जागांवरची बांधकामं त्यातूनही बाहेरच ठेवली. मुंबईत 17 एप्रिल 1964 पूर्वीची निवासी बांधकामं पालिका "सहन केलेली" मानते, हीदेखील तारखेचीच सवलत. प्रत्येक सवलतीला एक तारीख असते, आणि आज बांधून विकली जाणारी इमारत त्या तारखेच्या पलीकडे असते. निवडणुकीच्या तोंडावर नवी तारीख येईल या भरवशावर घर घेणं मला अजिबात पटत नाही. वर उल्लेख केलेल्या डिसेंबर 2024 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हेही म्हटलं आहे, की बांधकाम किती जुनं आहे, त्यात किती पैसे गुंतले, अधिकाऱ्यांनी किती वर्षं दुर्लक्ष केलं, यामुळे अनधिकृत बांधकामाला संरक्षण मिळत नाही.

फक्त ओसी नाही, बाकी सगळं आहे. हे तरी चालेल?

इथे सरसकट नाही म्हणणार नाही. मुंबई-ठाण्यात ओसीशिवाय वर्षानुवर्षं राहणाऱ्या खूप सोसायट्या आहेत. का मिळाली नाही, हे शोधायचं. बिल्डरने पालिकेचे पैसे थकवले, अग्निशमनचा दाखला घेतला नाही, अशी कारणं असतील तर सोसायटी एकत्र येऊन प्रश्न सोडवू शकते. एक विंग जास्त बांधली, पार्किंग गिळलं, शेवटचे दोन मजले मंजूरच नाहीत, असं असेल तर ओसी येणार नाही, आणि बिल्डर तोवर दुसऱ्या प्रकल्पावर गेलेला असेल.

किंमत त्याप्रमाणे पाडून घ्या. पाणी जादा दराने पडतं, पुढे विकताना गिऱ्हाइकाला कर्ज मिळायला त्रास होतो, आणि पुनर्विकासाच्या वेळी अंतिम मंजूर क्षेत्रावरून वाद निघतो. नव्या इमारतीत तर ओसीआधी ताबा घेऊच नका. मोफा, म्हणजे फ्लॅटच्या विक्रीबद्दलचा महाराष्ट्राचा जुना कायदा, 1963 चा आहे, आणि पूर्णत्वाचा दाखला मिळाल्याशिवाय ताबा देऊ नये हे त्यात तेव्हापासून आहे. "फर्निचरसाठी चावी घ्या, ओसी महिन्याभरात येतेय" या बोलीवर चावी घेऊन लोक दहा-दहा वर्षं ओसीशिवाय राहतात.

रीसेलचा फ्लॅट आहे, सोसायटी रजिस्टर आहे, वीस वर्षं कोणी काही म्हटलं नाही. आता काय होणार?

वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमध्ये हेच वाटत होतं. पाच मजल्यांची मंजुरी असताना तिथल्या एका इमारतीचे वीस आणि दुसरीचे सतरा मजले चढवले गेले. बांधकाम ऐंशीच्या दशकातलं. सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला फेब्रुवारी 2013 मध्ये. 2014 मध्ये जादा मजल्यांचे वीज, गॅस, पाणी तोडायला पालिकेची माणसं दारात उभी राहिली, तोवर मूळ खरेदीदारांतले अनेक जण म्हातारे झाले होते. त्याआधी ब्रीच कँडीच्या प्रतिभा इमारतीचे वरचे आठ मजले उतरवावे लागले, कारण चटईक्षेत्र जास्त वापरलं होतं. उच्चभ्रू वस्ती होती, वकील देण्याची ऐपत होती, तरी वाचवता आलं नाही.

रीसेलमध्ये आणखी एक बघा. आधीच्या मालकाने खोलीत घेतलेली बाल्कनी, शेडने झाकलेली गच्ची, रो हाउसवर चढवलेला मजला, हे सगळं तुमच्या नावावर येतं. नोटीस मालकाला येते आणि त्या दिवशी मालक तुम्ही असता. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे जाऊन विचारा, त्या फ्लॅटबद्दल पालिकेचं काही पत्र आलं आहे का. दप्तर दाखवायला ते खळखळ करू लागले तर तीही माहितीच आहे.

हजारो इमारती अशाच आहेत. सगळ्या थोड्याच पाडणार?

सगळ्या पाडत नाहीत, हे खरं. 2015 मध्ये नवी मुंबईतल्या दिघ्याच्या 99 इमारतींचा प्रश्न हायकोर्टात आला, तेव्हाही त्या वाचवायला राजकीय पक्ष रस्त्यावर आले होते. कुठली इमारत तक्रारीत, याचिकेत किंवा रस्तारुंदीत सापडेल हे कोणी सांगू शकत नाही.

पण माझी खरी काळजी पाडापाडीची नाही. ज्या इमारतीचा नकाशा कोणी पाहिला नाही, तिचं लोखंड, सिमेंट, पाया यांतलंही काही कोणी पाहिलेलं नसतं. शिळफाट्याजवळच्या लकी कंपाउंडमधली अनधिकृत इमारत 4 एप्रिल 2013 रोजी कोसळली आणि 74 माणसं गेली. काम सुरू असतानाच खालच्या मजल्यांवर कुटुंबं राहायला आणली होती. ऑगस्ट 2025 मध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंट कोसळली, 17 जण गेले. ती इमारत फार जुनीही नव्हती. स्वस्त म्हणून अशा इमारतीत घर घेऊ पाहणाऱ्या माणसाला मी कर्ज किंवा कायद्याआधी हे सांगते.

टोकन देऊन बसलो आहे. आता मागे फिरता येईल का?

लगेच लेखी कळवा: अमुक कागद मागितले, मिळाले नाहीत, म्हणून व्यवहार थांबवतो आहोत, रक्कम परत करा. व्हॉट्सअॅपवरही पाठवा आणि रजिस्टर पोस्टानेही. रेरा प्रकल्प असेल तर नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. जास्त घेतली असेल तर तो त्याचाच गुन्हा आहे, तुमच्या हातातलं हत्यार आहे. टोकन रोखीने दिलं असेल आणि पावती नसेल तर मार्ग अवघड आहे, म्हणून एक रुपयाही रोखीने देऊ नका. एक लाखाचं टोकन बुडालं तरी मी म्हणेन, बुडू द्या. त्या एका लाखाच्या मोहापायी पुढचे चाळीस गुंतवू नका.

घर घेऊन झालं, राहतोय, आणि दारावर नोटीस लागली. आता?

नोटीस फाडू नका. तिचा फोटो काढा, कुठल्या कलमाची, कोणत्या तारखेची, किती दिवसांची मुदत आहे ते टिपून घ्या आणि मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या. मुंबईत ती पालिका अधिनियमाच्या कलम 351 खाली असू शकते, इतरत्र बहुधा एमआरटीपी 53 खाली. सुप्रीम कोर्टाच्या 13 नोव्हेंबर 2024 च्या निकालाप्रमाणे किमान 15 दिवसांची नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी मिळालीच पाहिजे. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी-नाल्यातली बांधकामं आणि कोर्टानेच पाडायला सांगितलेली बांधकामं यांना हे लागू नाही.

एकेकट्याने धावाधाव करू नका. इमारतीतल्या सगळ्यांनी मिळून एक आर्किटेक्ट आणि नगररचनेचं काम करणारा एक वकील नेमा. नियमात काय बसू शकतं ते आर्किटेक्ट सांगेल, त्यावरून अर्ज करायचा की मुदत मागायची हे ठरेल. "साहेबांना भेटून मॅनेज करतो" म्हणून वर्गणी गोळा करणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

बिल्डरला सोडू नका. रेराच्या कलम 18 खाली व्याजासह परतावा आणि भरपाई मागता येते, जमिनीच्या हक्कातच दोष असेल तर त्या दाव्याला मुदतीची आडकाठी नाही. नोंदणी आवश्यक असताना केली नसेल तर प्रकल्पखर्चाच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. ग्राहक आयोग आहे. फसवणुकीचा आणि मोफाखालचा गुन्हा पोलिसांत नोंदवता येतो. कागद नीट लावून ठेवलेल्यांचंच या सगळ्यात निभावतं: जाहिरातीचं पत्रक, पावत्या, बँकेची नोंद, बिल्डरने पाठवलेले संदेश, एकही टाकून देऊ नका.

गोव्यात जुनं घर किंवा फ्लॅट घ्यायचा आहे. तिथे काय पाहायचं?

सातबाऱ्याच्या जागी तिथे फॉर्म एक आणि चौदा असतो. जमीन बिनशेती झाल्याची सनद, झोनिंग प्रमाणपत्र, नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, पंचायतीचा किंवा पालिकेचा बांधकाम परवाना आणि भोगवटा, हे पाहा. जुनं पोर्तुगीज काळातलं घर असेल तर सर्व्हे प्लॅनवर घराची आकृती आहे का आणि ती आजच्या घराएवढीच आहे का ते जुळवा. मागे काढलेल्या खोल्या तिथे दिसणार नाहीत. समुद्राजवळ सीआरझेड, शेतात कूळकायदा, आणि वारसांची संख्या, या तिन्ही बाबतींत स्थानिक वकील घ्या. पुण्या-मुंबईचा वकील तिथले बारकावे सांगू शकेलच असं नाही.

माझंच घर अनधिकृत आहे आणि मला विकायचं आहे. घेणाऱ्याला सांगावं लागेल का?

हो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 प्रमाणे घेणाऱ्याला साध्या पाहणीत कळणार नाही असा दोष तुम्हाला माहीत असेल, तर तो सांगणं तुमच्यावर बंधनकारक आहे. आलेल्या नोटिशीची प्रत द्या, शास्ती भरत असाल तर पावत्या द्या, ओसी नसल्याचं करारात स्पष्ट लिहा आणि त्या ओळीखाली दोघांच्याही सह्या घ्या. किंमत कमी येईल. पण तीन वर्षांनी इमारतीवर कारवाई झाली, तर तुमच्या दारात पोलीस किंवा समन्स येणार नाही, आणि घेणारा काय घेतोय हे त्याला ठाऊक असेल.